यानाला दार नव्हतं

धुळे, शनिवार संध्याकाळ

दोन महिने खपून प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं अंतराळयान केलं, सगळं माझ्याच डोक्यातलं. उद्या नाशिकच्या प्रदर्शनासाठी त्याचे फोटो पाठवायचेत. आणि आज दुपारी, डोळे दाखवायला साक्रीहून आलेल्या मावशीने यानावरून हात फिरवत विचारलं, "याले दार कोठे शे? मानसं मजार कशा जातीन?"

"मावशी, आत कुणी जायचं नाहीये, हे नुसतं मॉडेल आहे गं."

"मंग मॉडेलले दार नको का?"

रागच आला. पंख केले, इंजिनं केली, मग दार कसं सुचलं नाही? आत कुणी बसेल असं मला कधी वाटलंच नव्हतं का?

दारासाठी चार ठोकळे उचकटले, तर यानाचं अर्धं पोटच हातात आलं. रडकुंडीला आले. पण दार बसलं, उघडतंही. आत दोन खुर्च्या मावल्या. यान आधीपेक्षा जिवंत दिसतंय, खरंच.

मावशीने बोटाने दार उघडलं, खुर्च्या चाचपल्या.

"दोनच? मंग मी खिडकीपाशी बसू."

खिडकी! ती तर केलेलीच नाही. उद्या सकाळी आधी खिडकी, मग फोटो.