वेशीबाहेरचं घर

१२ मार्च ८४, सोम.
कर्ज गेलं. बसतो न बसतो तोच गेलं. इथे अमेरिकेत खेड्यातल्या घरांसाठी सरकारी कर्ज मिळतं, डाउन पेमेंट लागत नाही, म्हणून मी आणि सुधाकर अर्धी रजा टाकून काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसात गेलो. मिसेस प्रुइट म्हणून बाई. तिने विचारलं, घर टाउनच्या हद्दीत की बाहेर? सुधाकरने कॉलर नीट केली. "आत, मॅडम. हद्दीच्या आत." जसं काही बक्षीसच मिळणार होतं. बाईने फाइल मिटली. टाउन आता मोठं झालंय म्हणे, आतल्या घरांना हे कर्ज नाही.
अरे, घर ओढ्यापलीकडे आहे! पुलानंतर नुसती तंबाखूची शेतं. पत्त्यात टाउनचं नाव आलं म्हणून घर आत आलं का? गाडीत मी त्याला वाट्टेल ते बोलले.

१३ मार्च
तो तसं का म्हणाला हे मला ठाऊक आहे, म्हणून जास्तच चीड येते. सासऱ्यांचं घर गावाच्या वेशीबाहेर. आमच्या सगळ्यांचीच तिकडे. लग्न ठरलं तेव्हा याने मला एकच वचन दिलं, विमल, आपलं घर वेशीच्या आत असेल. दागिने-बिगिने काही नाही. मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं. घ्या आता कौतुक.

१६ मार्च, शुक्र.
घरमालक मि. हॉब्जना फोन. म्हातारा मुलीकडे राहायला जाणार, घर आम्हालाच द्यायचंय, पण एप्रिलअखेरपर्यंतच थांबेल. मग एजंटकडे देणार. त्या एजंटबाईलाही विचारून पाहिलं. म्हणे, सगळी काउंटीच बाद झाली, हनी, अपार्टमेंटच बघा. तुला कोणी सांगितलं बाई? नकाशा पाहिलास? नाही पाहिला. मग मीच बघते.

२२ मार्च, गुरु.
हॉस्पिटलच्या लॅबमधून सुटले ती थेट ऑफिसात, एकटी. नकाशा भिंतीवरच आहे! त्या दिवशी आमच्या डोक्यावर होता. टाउनभोवती लाल रेघ. रेघेच्या आत कर्ज नाही, बाहेर आहे. म्हणजे जवळजवळ सगळी काउंटी चालते. रेघ ओढ्याओढ्याने जाते. मी पुलापलीकडे बोट ठेवलं. मिसेस प्रुइटने चष्मा लावला, रस्त्याचं नाव वाचलं. हो म्हणाली, हे बाहेर आहे.
पण. म्हणे, तुझ्या नवऱ्याने आत सांगितलंय, मी तसं लिहिलंय. अर्ज दोघांचा, तेव्हा त्यानेच येऊन सांगायला हवं.
बाई वाईट नाही. पण हे काय मागून बसली, तिला काय कल्पना.

२३ मार्च
सांगितलं. जेवला नाही. भाजी केली होती वांग्याची, त्याच्या आवडीची. पडली तशीच.
"बापाने वेशीबाहेर जन्म काढला. मी एवढ्या लांब येऊन पुन्हा बाहेर जाऊ? तेही माझ्या तोंडाने सांगून?"
मी पण सोडलं नाही. म्हटलं, तिकडे आपल्याला बाहेर ठेवलं होतं. इथे मी नकाशावर बोट ठेवून निवडलंय. आणि त्या घराला विहीर आहे सुधाकर. आपली. तुझ्या आईसारखं काठावर उभं राहून कुणी पाणी वाढेल म्हणून वाट बघायची नाही.
उठून गेला. आईचं नाव काढायला नको होतं. पण काढलं, आणि मागे घेणार नाही.

१ एप्रिल, रवि.
आठवडा अबोल्यात. लेकीला, सुजाताला, वाटतं मीच रुसलेय. तिने आज डॅडीला विचारलं की ते घर सगळ्याच्या बाहेर आहे ना, मग कुत्रा पाळता येईल? "इट्स आउटसाइड एव्हरीथिंग, डॅडी!" एवढ्या आनंदाने हा शब्द आमच्या खानदानात कोणी उच्चारला नसेल. त्याने तिला विचारलं, कसला कुत्रा हवा?

१४ एप्रिल, शनि.
जयंती. रॅले शहरात आपली चार कुटुंबं जमली, खीर, वंदना, फोटोला हार. सुधाकरचं दरवर्षी भाषण असतं. आज उठला, जयभीम म्हणाला, बसला.
परत येताना त्याने गाडी पुलाकडे वळवली. हॉब्ज ओट्यावर होते. परसात जुनी विहीर आहे, दोर झिजलेला. सुधाकरने स्वतः बादली काढली, आधी सुजाताला ओंजळीत, मग मला, मग स्वतः. हॉब्ज म्हणाले आत फ्रिजमध्ये गार पाणी आहे की. त्यांना काय सांगणार. मी बापडी रडले, लपवलं नाही.

१९ एप्रिल, गुरु.
गेलो. मिसेस प्रुइटने पुन्हा तोच प्रश्न विचारला. याने नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाहेर, मॅडम. आणि आम्हाला तिथेच राहायचंय." आवाज असा की शेजारच्या टेबलावरचा माणूस वळला.
बाईने खोडलं, लिहिलं. आता पगार तपासणार, घर बघायला माणूस येणार. महिनाअखेरपर्यंत होईल का? सांगता येत नाही म्हणाली. मी म्हटलं, मी रोज फोन करणार. करा म्हणाली.

२७ एप्रिल, शुक्र.
माणूस आलेला नाही. फोन केला, सोमवारी विचारा. सोमवारी तर महिना संपतो. हॉब्जना आणखी थांबायला सांगितलं, ते हं म्हणाले, एवढंच.
संध्याकाळी सुधाकर हार्डवेअरच्या दुकानातून आला. विहिरीसाठी नवा दोर आणलाय, चांगला जाड. कर्ज मंजूर नाही, घर आपलं नाही, आणि हा दोर घेऊन बसलाय, बादलीची गाठ कशी मारायची ते सुजाताला शिकवतोय. दुकानदार म्हणाला होता म्हणे, नको झाला तर पावती घेऊन या, परत घेऊ.
पावती मी फाडून टाकली.