आई बसून राहिली

दि. ११ मार्च, रविवार दुपार

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. बुधवारी टीव्हीवर पत्रकारांसमोर तू जो करडा कोट घालून बसला होतास, तो माझा आहे. न विचारता दुसऱ्याची वस्तू उचलणे यास शास्त्रात स्तेय म्हणतात. त्यात मधलं बटण गायब, आणि ते साऱ्या जगाने पाहिलं! दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "सर, तो कोट तुमचाच ना?" म्हटलं, "कोट माझा, आणि आतला माणूसही माझाच." संस्कृतचे मास्तर एवढ्या ताठ मानेने कधी चालले नव्हते, असं शिपायाचं मत पडलं.

तू आपल्या चर्चच्या फादरांचं नाव घेतलंस तेव्हा आई भाजी निवडत होती. लहानपणी वेदीवर सेवेला गेल्यावर ते तुझ्याशी काय करायचे, हे तू सांगत होतास. आवाज कापत होता, पण थांबला नाहीस. मी टीव्ही बंद करायला उठलो.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "त्याला सांगवलं, तर मलाही ऐकवेल."

शेवटपर्यंत ऐकलं. मग निवडलेली भाजी आणि टाकायची देठं, दोन्ही एकाच पातेल्यात घातली. तीच भाजी आम्ही खाल्ली.

आज चर्चमध्ये रविवारची मिस्सा संपल्यावर खुद्द बिशप बोलायला आले. ते आत आले की सगळं चर्च उभं राहतं, तुला ठाऊक आहे; आई तर सगळ्यांच्या आधी. आज सगळे उठले आणि आई बसून राहिली. पहिल्याच बाकावर.

शेजारच्या शिंपीणबाईंनी हात पुढे केला. "गुडघे धरले का हो?"

"गुडघे ठणठणीत आहेत."

चर्चमध्ये आवाज घुमतो, हे ती विसरली असेल असं मला वाटत नाही.

चौकशी होईल, तोवर कुणी कुणाचं नाव घेऊ नये, असं बिशप म्हणाले. तेव्हा मात्र आई उठली. "माझ्या मुलाने घेतलंय. मीही घेते." आणि स्वच्छ, आडनावासकट घेतलं. शिंपीणबाई मटकन खाली बसल्या. मग पदर सावरून पुन्हा उठल्या आणि आईला खेटून उभ्या राहिल्या. मागच्या बाकांवरूनही काहीजण पुढे आले. एरवी तासभर अखंड बोलणारा तुझा दादा नुसता नाक पुसत होता.

घरी येताना आई म्हणाली, "त्याला कळव. पण फुगवून लिहू नकोस." लिहिलेलं नाही.

कोट तुझ्याकडेच ठेव. माझ्यापेक्षा तुला शोभला. बटण आईने कपाटाखालून शोधून काढलंय, पाकिटात घातलं आहे.

कोटाची काळजी मला कधीच नव्हती, आणि बिशपांचीही नाही. कॅमेरे निघून गेल्यावर तू शहरातल्या तुझ्या त्या खोलीवर एकटाच परतलास आणि तेव्हापासून फोन उचलत नाहीस. मला भीती वाटते, बाळा. शनिवारी मी येतोय. दार तेवढं उघड.

तुझा,
दादा