खुंटीवरच्या बांगड्या

२ डिसेंबर
आले एकदाची! वडनेरहून निघताना आईने लोणच्याची बरणी आणि ढीगभर सूचना दिल्या. कारंज्याच्या स्टँडवर कंपनीची जीप खरंच घ्यायला आली होती, आणि ड्रायव्हर चक्क 'अंकिता मॅडम' म्हणाला. पहिली नोकरी, सुरक्षा पर्यवेक्षक! शेतातली रानडुकरं पळवायला आवाजाची काडतुसं लागतात. त्यांत भरायची बंदुकीची दारू इथे मिसळतात. पोरगी दारूच्या कारखान्यात लागली, असं बाबांनी गावभर सांगितलं आणि मग खुलासे करत बसले. खोली झकास आहे, खिडकीतून तूर दिसते.

४ डिसेंबर
आज भरणीची शेड पाहिली. ऑफिसपासून लांब, मातीच्या बांधापलीकडे. तिथला कारभार मनकर्णाबाईंचा, आणि त्यांच्यापुढे माझा डिप्लोमा मुकाट्याने उभा. चपला बाहेर, मोबाईल बाहेर, अंगावर फक्त सुती. दाराशी तांब्याचा पत्रा आहे, त्यावर तळहात टेकला की अंगातली वीज जमिनीत उतरते. बांगड्याही काढायच्या, कारण काचेचा कण दारूत घासला तरी भडका उडतो. प्रत्येकीची खुंटी ठरलेली. जिने टांगल्या तिनेच काढायच्या, दुसरीने शिवायचं नाही, असा बायकांचा नियम आहे. शेवटच्या खुंटीवर हिरव्या बांगड्या धूळ खात होत्या. कोणाच्या, विचारलं तर सगळ्या कामाला लागल्या.

९ डिसेंबर
काम चालू असताना त्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या. वारा अजिबात नव्हता. बायका हातातलं अलगद ठेवून, न धावता बाहेर आल्या आणि बांधाआड बसल्या. मला हसू आलं. किणकिण थांबल्यावर मनकर्णाबाई आत गेल्या, तर मिसळायच्या दारूत खडा सापडला. माझं हसू तिथेच विरलं. मॅनेजर गोपालभाऊ मात्र कामचुकार म्हणून सगळ्यांवर खेकसले.

१३ डिसेंबर
त्या हिरव्या बांगड्या शेडमधल्या चंचलच्या आईच्या, सुंदराच्या. मागच्या हिवाळ्यात ती शेडमध्ये जळून मेली. ती बांगड्या घालून आत गेली, चूक तिचीच, असा कंपनीने अहवाल दिला. भरपाई नाही. वर उपकार केल्यासारखं पोरीला आईच्याच जागेवर घेतलं. चंचल मला म्हणाली, "बांगड्या तर खुंटीवरच होत्या ना मॅडम. मंग माही माय आत काय घालून गेलती?" त्या दिवशी पाहुणे येणार म्हणून सगळ्यांना नायलॉनच्या साड्या वाटल्या होत्या. त्याचा अहवालात एक शब्द नाही.

१७ डिसेंबर
परवा मोठं गिऱ्हाईक येतंय. गोपालभाऊंनी गुलाबी साड्या मागवल्या आहेत. पुन्हा नायलॉन. घडी उलगडली की चटचट आवाज येतो. या कोरड्या थंडीत असलं कापड आत नको, पत्र्याला हात लावला तरी अंगावर पुन्हा वीज साठते, असं मी सांगितलं. ते म्हणाले की सुती साड्या फोटोत मळक्या दिसतात, आणि नोकरी टिकवायची असेल तर ती शेवटची खुंटीही रिकामी करा.
केली मी. स्वतःचीच किळस येते. मनकर्णाबाई एवढंच बोलल्या, "आता आमाले सांगन कोन?" बांगड्या माझ्या टेबलाच्या खणात कुलपात ठेवल्या.

१८ डिसेंबर
खणात किणकिण. उघडला की थांबते. शिपाई म्हणतो, काही ऐकू येत नाही. कोणालाच येत नाही. फक्त मला —

१९ डिसेंबर
सगळ्या गुलाबी साड्या नेसून आत गेल्या. चंचलही. खण थांबतच नाही. गोपालभाऊंना सांगितलं — हसले, पाहुण्यांसाठी हार आणायला निघून गेले. शेडमध्ये फोन नाही. इथून हाक पोचत नाही —

खण उघडला. कुलूप तसंच होतं. आत काही नाही.

माझ्या हातात आहेत. हिरव्या. मी घातल्या नाहीत — साबण लावला, टेबलावर आपटल्या — निघत नाहीत, फुटत नाहीत —

जातेय. त्यांना किणकिण ऐकू जायला हवी, खुंटी तर मीच रिकामी केली. आधी एवढं लिहून ठेवते — साड्या नायलॉनच्या होत्या. मी सांगितलं होतं. नाहीतर पुन्हा लिहितील की अंकिता बांगड्या घा—