धुरी दिलेला पाय

३ मार्च, रविवार

फुटलं पुन्हा! डाव्या नडगीवर, घोट्याच्या वर चार बोटं — तेच भोक, तोच पू, तीच मी. सत्तावीस वर्षं झाली. मल्हारशी लग्न होऊन चोवीसच झालीत, म्हणजे नवऱ्यापेक्षा ह्या जखमेचा मान मोठा!

एकोणिसाव्या वर्षी द्राक्षांच्या ट्रॉलीवरून उडी मारायची हौस आली. हाड कातड्याबाहेर. रॉड घातला, दोन वर्षांनी काढला, जखम मात्र मुक्कामाला राहिली. वर्षा-दोन वर्षांनी फुटते, वाहते, सुकते. सुकली की मी गोळ्या बंद करते. शहाणी ना!

आता आमच्या शेडवर बेदाण्याचा हंगाम. लंगडायला वेळ नाही. साडी घोट्यापर्यंत असते, कुणाला काय दिसतंय?

५ मार्च

दिसत नाही, पण वास येतो. बेदाणा निवडता निवडता कामावरची राणी म्हणाली, "वैनी, उंदीर मेलाय वाटतं कुटंतरी." झालं! सगळ्या बायका उठल्या, वाळवणाच्या जाळ्या हलवल्या, पोती सरकवली. मीही उंदीर शोधला. सगळ्यांत जास्त वेळ मीच शोधला.

६ मार्च

आज अकलेचा कळस. बेदाण्याला गंधकाची धुरी दिली की बुरशी धरत नाही. म्हटलं, मग पायाला का नको? बायका जेवायला गेल्यावर धुरीच्या खोलीच्या दारात बसले — पाय आत, वर ताडपत्री. दहा मिनिटं! डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, खोकून खोकून जीव जायची वेळ. भोक होतं तसंच. भोवतीचं कातडं तेवढं लालबुंद.

मल्हारनं पकडलं. "पाय काय मार्केटला लावायचाय व्हय गं?" लय हसला. मग वाकून जखम बघितली आणि हसायचा थांबला.

"सोमवारी सांगलीला जायचं. हंगाम गेला खड्ड्यात."

११ मार्च, सोमवार

हाडांचे डॉक्टर अगदी तरणे. मला मावशी म्हणतात. एक्स-रे उजेडापुढं धरून म्हणाले, "मावशी, आत हाडाचा एक तुकडा मेलाय. त्याला रक्त पोचत नाही, म्हणून औषधही पोचत नाही. जंतू तिथंच घर करून बसलेत. वरून सुकतं, आतलं बरं होत नाही."

म्हणजे आत वाळवी लागलेली आणि मी सत्तावीस वर्षं चौकटीला रंग देत बसले!

मेलेलं हाड खरवडून काढायचं, मग सहा आठवडे औषध. पण कुठला जंतू आहे ते आधी कळायला पाहिजे. त्यासाठी दोन आठवडे अँटिबायोटिकची एकही गोळी घ्यायची नाही, आणि मग हाडाचा नमुना.

"आणि नाहीच केलं तर?" मी विचारलं.

"तर पाय वाचवणं अवघड होईल."

तासगावपर्यंत गाडीत पाय दोन्ही हातांनी धरून बसले. भ्याले मी.

२६ मार्च

नमुना घेतला. दुखतंय.

२ एप्रिल

रिपोर्टमध्ये जंतू उगवलाच नाही! मल्हारनं तिथंच हात जोडले. डॉक्टर मात्र माझ्याकडंच बघत राहिले. "मावशी, गोळ्या घेतल्या का?"

घेतल्या. मागच्या वेळच्या उरलेल्या, हळदीच्या डब्यामागं ठेवलेल्या. रोज एक. वास कमी यावा म्हणून! बायकांनी परत उंदीर शोधायला लागू नये म्हणून! जंतू गोळीला भिऊन गप्प बसले आणि नमुना वाया गेला.

"आगं येडे, कुणाला फसवतीस तू?" मल्हार जिन्यात म्हणाला.

पुन्हा पहिल्यापासून दोन आठवडे. उरलेल्या गोळ्या आता त्याच्या खिशात. झोपताना सदरा उशाखाली घेतो — चोर घरातच म्हटल्यावर काय करेल बिचारा!

१८ एप्रिल

दुसरा नमुना. ह्या वेळी डॉक्टरांनी जखमेची कड बोटानं दाबून बघितली. महिन्याभरात जाड झालीय, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी. तिचाही तुकडा घेतला.

"भाजीला पुरंल का?" मी विचारलं. नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत.

२५ एप्रिल

जंतू सापडला. पण कडेच्या तुकड्यात कॅन्सर निघाला. जखम अशी वर्षानुवर्षं वाहत राहिली की कधीकधी होतो, म्हणाले. अजून पसरलेला दिसत नाही. पण आता हाड खरवडून भागणार नाही. गुडघ्याखालून पाय काढायचा.

मल्हार भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. सही मी केली.

मला जगायचंय.