विकतचं पातळ

ती. दादास,
धाकटीचा वाकून नमस्कार.

पार्सल पोचलं. एक पातळ, एक सुक्या मेव्याचा डबा. पावती आतच राहिली होती, म्हणून कळलं: एकवीसशे चाळीस.

बाबा गेले तेव्हा आपलं ठरलं होतं, सणाला विकतचं द्यायचं नाही, हातानं केलेलंच द्यायचं. अकरा वर्षं तू लाकडावर रंधा मारून काही ना काही पाठवलंस. देवांचा चौरंगही तुझाच, रोज त्याच्यापुढे बसते.

डबा बघून मुलं म्हणाली, "मामा श्रीमंत झाला वाटतं!" हेही हसले. माझ्या काळजात मात्र चर्र झालं. पार्सलवर अक्षरसुद्धा वहिनीचं. दादा, हाताला काय झालंय? रंधा धरवत नाही का? माझ्यापासून लपवू नकोस.

पातळाची घडी मोडलेली नाही. परत पाठवते, दुकानदाराकडून पैसे घे आणि औषधाला लाव. रागावू नकोस. यांचा जुना स्वेटर उसवून तुझ्यासाठी हातमोजे विणलेत, तेही सोबत आहेत. उजवा जरा सैल ठेवलाय.

इकडे सगळे बरे आहेत. आई नीट जेवते ना?

सणाची भेट मात्र मी सोडणार नाही. डाव्या हातानं दोन ओळी लिही. वाकड्यातिकड्या चालतील, पण तुझ्याच हातच्या हव्यात, आणि उलट टपाली हव्यात.

तुझी,
धाकटी