हळदीच्या गाण्यावर गोळी

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
चित्रपट परवाना कक्ष, सीबीडी बेलापूर.

विषय : माझ्या दिवंगत पतीचे गाणे खुनाच्या प्रसंगात वापरल्याबाबत.
संदर्भ : माझा दि. ९ डिसेंबरचा अर्ज व त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

मी खाली सही करणार शांती गोवर्धन कोळी, वय ५८, राहणार मोरा, ता. उरण. माझे पती मासेमारी करीत व हळदीत गात. १९९७ साली त्यांच्या एका गाण्याची कॅसेट निघाली आणि पुढे त्या गाण्याशिवाय आमच्या भागात हळद लागली नाही. २०१४ साली ते घशाच्या कॅन्सरने वारले. शेवटचे दीड वर्ष त्यांना आवाज नव्हता. जे सांगायचे ते पाटीवर लिहीत.

गेल्या वर्षी आलेल्या एका गुन्हेगारीपटात, जेट्टीवर माणसाला गोळ्या घालतात तेव्हा हेच गाणे वाजते. तेव्हापासून हळदीत गाणे लागले की पोरे बोटांची बंदूक करतात आणि एकेक जण मेल्यासारखा पडतो. माझी मुलगी रुतिका म्हणाली, "आई, माज्या हलदीला बाबांचं गानं नको लावू." लावले नाही. बापाच्या गाण्याविना तिची हळद झाली.

गाणे वगळावे असा अर्ज मी केला. हक्क कॅसेट कंपनीने रीतसर दिले आहेत, सबब आपला संबंध येत नाही, असे आपण कळविले. म्हणून मी चित्रपटवाल्यांच्या रबाळे येथील कार्यालयात गेले. तेथील श्री. अंकुर यांनी खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "मावशी, त्या काळातलं खरं गाणं पाहिजे होतं. वर आनंदाचं गाणं आणि खाली खून, मग सीन अंगावर येतो." त्यांनी मला तो प्रसंग मोठ्या आवाजात दाखविला.

त्यावरून नम्रपणे कळविते की, रेकॉर्डिंगच्या दिवशी मी काचेपलीकडे बसले होते. गाण्याआधी यांनी मला हाक मारली, "शांते, आयक गो!" ती हाक कॅसेटमध्ये तशीच राहिली. आमची कॅसेट २००५च्या पुरात गेली. डीजेवाल्यांच्या प्रतीत ताल सुरू होतो तिथून पुढचेच आहे. चित्रपटात मात्र मूळ टेप घेतल्याने हाक आहे. परंतु "शांते" या शब्दावर पहिली गोळी सुटते. "आयक गो" एवढेच ऐकू येते.

श्री. अंकुर म्हणाले, गोळी नसलेली टेप आमच्याकडे आहे, पण परवाना कक्षाच्या साहेबांच्या पत्राशिवाय देता येत नाही.

तरी मागील अर्ज मी मागे घेत आहे. गाणे चित्रपटात राहू द्यावे. मोबदला नको, पडद्यावर नाव नको. फक्त सुरुवातीचे चार सेकंद मला मिळावेत, असे पत्र आपण द्यावे. बारा वर्षांत मला त्या नावाने कोणी हाक मारलेली नाही.

आपल्या पत्राची वाट पाहणारी,
शांती गोवर्धन कोळी
मोरा, दि. १८ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) पतीचा मृत्यू दाखला २) कॅसेटचे रिकामे कव्हर