चिमण्यांची पुडी

३ फेब्रुवारी
दुकानाच्या पाटीमागे चिमणीचं घरटं! माझ्या शिलाई मशीनच्या बरोब्बर वर. आणि त्यात दोरे कुणाचे? माझे – खिडकीत ठेवलेले! गणवेशाचा निळा, अस्तराचा गुलाबी. हे म्हणाले, चिमणीसुद्धा तुझ्याकडून फुकटात शिवून घेते. म्हणू देत.

८ फेब्रुवारी
आता प्रत्येक गिऱ्हाइकाला कपड्यांसोबत उरल्यासुरल्या दोऱ्यांची पुडी. खिडकीत ठेवा, चिमण्या नेतील. सगळे खूश. बाही आखूड झाली तरी कुणी भांडत नाही!

२५ फेब्रुवारी
पिल्लं झाली. चिवचिवाटात मशीन ऐकू येईना.

९ मार्च


सकाळी शटर वर केलं – पाटीखाली पिल्लू लोंबकळतंय. उलटं, एका पायावर. पायाला माझा निळा दोरा. चार वेढे, पार मांसात रुतलेले. चिमणी नुसती वरखाली करत होती. स्टुलावर चढून दोरा कापला. पाय काळाठिक्कर. पण जिवंत!

बटणांच्या खोक्यात घालून पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. "पाय गेला. जीव वाचवू," म्हणाल्या. काम करता करता सांगत होत्या – लोक हौसेनं दोरे, लोकर, केस ठेवतात. ते तुटत नाहीत. पिल्लू वाढतं तसा फास आवळतो. त्यापेक्षा उथळ भांड्यात पाणी ठेवा, भांडं रोज घासा, मांजर घरात ठेवा, कोपऱ्यातलं वाळकं गवत उपटू नका. घरटं बांधायला त्यांना तेवढं पुरतं.

मग विचारलं, दोरा कुठून आला? काय माहीत, म्हटलं. रस्त्यात सापडलं.

धडधडीत खोटं! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० मार्च
खिडकी झाडून काढली. हे म्हणाले, तुला कुठं ठाऊक होतं? नव्हतं ठाऊक. पण त्या पुड्या!

सात घरं फिरले. दोन पुड्या परत मिळाल्या. बाकीच्यांनी कधीच्याच खिडकीत रिकाम्या केल्या होत्या. एकीनं तर आणखी मागितली.

१९ मार्च
अजून चार घरं. पुडी एकही नाही.

२८ मार्च
दवाखान्यात पिल्लाला बघायला गेले. एका पायावर उभं राहतं! बाईंचं लक्ष माझ्या गळ्यातल्या टेपकडे गेलं. त्यांनी एक बरणी पुढे सरकवली. गेल्या पंधरा दिवसांत पिल्लांच्या पायांतून काढलेले दोरे. निळे. गुलाबी. निळे.

"तुम्ही शिवणकाम करता ना? हे सगळे एकाच ठिकाणचे वाटतात. कुणाचे असतील?"

"माझे," म्हटलं.